बातमी सर्वांची, फोटो कुणाचा?

नारायणगडावर गर्दी नवी नाही. नगद नारायण महाराजांच्या या गडाला आपल्या जिल्ह्यात धाकटी पंढरी म्हणतात. पण 12 ऑक्टोबर 2024 ला, दसऱ्याच्या दिवशी, मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा तिथे झाला आणि संध्याकाळपर्यंत आमचा मोबाइल गडाच्या फोटोंनी भरून गेला. एकच फोटो पाच ग्रुपवरून आला. तो कुणी काढला, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

आमची शाळा उर्दू माध्यमाची. भित्तिपत्रकासाठी मुलांनी हाच विषय घेतला. एका मराठी दैनिकातली बातमी शब्दन्‌शब्द उर्दूत केली आणि वर फोटोची प्रिंट चिकटवली. कोपऱ्यातलं छायाचित्रकाराचं नाव "खराब दिसतंय" म्हणून कात्रीने उडवलं. आम्ही ते पाहिलं आणि वर शाबासकीही दिली.

आठवड्याने एक पालक मुलाला न्यायला आले. ते गावोगाव फिरून बातम्या देतात. फोटो त्यांचाच होता. भिंतीसमोर थोडा वेळ उभे राहिले नि म्हणाले, "सर, लावलात ते चांगलंच केलं. पण माझं नाव कुठं गेलं? दिवसभर उन्हात होतो, पेट्रोल पदरचं. त्यात हाती येतं ते नावच."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. बी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. मग 1957 चा कॉपीराइट कायदा मिळवून वाचला.

घटना कुणाच्या मालकीची नसते. मेळावा झाला, कोण काय बोललं, हे कुणीही सांगावं. जाहीर भाषणाचा हक्क भाषण करणाऱ्याकडे असला तरी त्याचा वृत्तांत देण्याची मुभा कायद्यातच आहे. पण बातमीदाराने ज्या शब्दांत लिहिलं ते शब्द आणि टिपलेला फोटो यांना मालक असतो. पगारी नोकराने लिहिलेल्या मजकुराचा छापण्यापुरता हक्क सहसा वृत्तपत्राकडे जातो. नोकरीत नसलेल्याने स्वतःहून काढलेला फोटो, हक्क लिहून दिला नसेल तर, त्याचाच राहतो. छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. शिवाय कलम 57 प्रमाणे हक्क विकला तरी 'हे माझं काम' असं म्हणण्याचा अधिकार सुटत नाही. आमच्या कात्रीने नेमका तोच कापला होता.

भाषांतराचं वाचून तर आम्ही चपापलोच. आपल्या घरांत मराठी पेपर वाचून उर्दूत सांगणं रोजचं. तोंडी सांगण्यात काही बिघडत नाही. मात्र अख्खी बातमी भाषांतर करून छापायची किंवा पसरवायची, तर तो हक्कही मूळ मालकाचा.

कलम 52 मध्ये सवलती आहेत, आणि त्या बऱ्याच मोकळ्या आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी, टीका-समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या वृत्तांतासाठी रास्त वापर चालतो. शिकवताना शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला मजकुराची प्रत काढता येते. दिल्ली विद्यापीठातल्या फोटोकॉपीच्या खटल्यात 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ही सवलत उदारपणे लावली. तेव्हा वर्गात कात्रण वाटणाऱ्या शिक्षकाने घाबरू नये. रास्त किती, याचं माप मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ मालकाचं गिऱ्हाईक तुटतं का, हे पाहिलं जातं.

गिऱ्हाईक तुटतं ते सकाळी ग्रुपवर येणाऱ्या पेपरच्या पीडीएफने. टाळेबंदीत ही सवय फार वाढली. 'दैनिक जागरण'चे अंक टेलिग्रामवर फुकट वाटले जात होते. वृत्तपत्र कोर्टात गेलं आणि मे 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते चॅनेल बंद करायला व चालवणाऱ्यांची माहिती द्यायला टेलिग्रामला सांगितलं. "आपण कुठे पैसे घेतो?" असं आपण म्हणतो. पण वर्गणी बुडते ती बुडतेच, आणि तिची झळ शेवटी गावच्या बातमीदाराला लागते.

दीनच्या बाजूनेही हा प्रश्न आलेला आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर 1988 मध्ये कुवेतच्या बैठकीत लेखकाचा हक्क शरीअतने संरक्षित मानला. हदीस सांगताना कुणाकडून ऐकली, त्यांच्यापर्यंत कुणाकडून आली, ही नावं ओळीने घेणारे आपण. फोटोखालचं एक नाव आपल्याला जड व्हावं, याचं आम्हाला नवल वाटलं.

मुलांनी भित्तिपत्रक पुन्हा केलं. गडावर जाऊन आलेल्या शेजाऱ्यांना विचारून बातमी स्वतःच्या उर्दूत लिहिली. पहिलीपेक्षा चुका जास्त होत्या, पण वाचायला बरी होती. फोटो त्या पालकांना विचारून लावला, खाली नाव उर्दूत आणि मराठीतही. ते स्वतः येऊन पाहून गेले, मोबाइलवर त्याचाही एक फोटो काढला.

शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी पेपरची पीडीएफ अजून येते. पाठवणारे आमच्याहून वयाने मोठे आहेत. त्यांना कसं सांगावं, हे अजून ठरलेलं नाही. तोवर आम्ही घरी पेपर लावला आहे.