म्हैसूरच्या बागा: नदी, तळे, धरण आणि पाऊस

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवर आहे. वर्षाकाठी साधारण 800 मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचा जोर मे आणि ऑक्टोबरच्या सुमारास असतो, तर जानेवारी ते मार्च जवळजवळ कोरडे जातात. माती बहुतांशी तांबडी, झटकन निचरा होणारी. त्यामुळे बागेचा आराखडा येथे आधी पाण्यावरून ठरत आला.

टिपू सुलतानाचा दर्या दौलत बाग (1784) श्रीरंगपट्टणात, कावेरीने वेढलेल्या बेटावर आहे. पाणी हाकेच्या अंतरावर, म्हणून बागही तिथेच. म्हैसूर शहराने पुढे तळ्यांचा आधार घेतला. तिसरे कृष्णराज वडियार यांच्या काळात, 1864 मध्ये कुक्करहळ्ळी तळे झाले. 1903 मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले आणि नव्या वसाहती आखीव पद्धतीने वाढू लागल्या.

पुढे कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाने बागांचे मोजमापच बदलले. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने धरणाच्या पायथ्याशी टप्प्याटप्प्यांचे वृंदावन उद्यान आकाराला आले. ते 1932 मध्ये पुरे झाले. आराखडा गुस्ताव हर्मन क्रुम्बिगेल यांचा. हे जर्मन उद्यानतज्ज्ञ आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होते आणि 1908 मध्ये म्हैसूर संस्थानात आले. कारंजी, हिरवळ आणि हंगामी फुलांचे ताटवे यांना रोज पाणी आणि माळ्यांचा ताफा लागतो. डोक्यावर जलाशय असल्याने तिथे ते शोभले. बंगळूरच्या रस्त्यांवर मात्र क्रुम्बिगेल यांनी एकामागून एक बहरणारी झाडे लावण्याचा पुरस्कार केला. मुळे खोल गेली की अशी झाडे फारशी निगा मागत नाहीत.

पुढे घरोघरच्या अंगणांतही हिरवळ आली, पण तिच्यामागे जलाशय नव्हता. नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी होते. 2023 मध्ये पाऊस कमी झाला, कृष्णराजसागर भरले नाही आणि रोजच्या पाण्यावर विसंबलेल्या या हिरवळीची मर्यादा दिसली.

त्यावर पर्याय म्हणजे कमी निगेची बाग, आणि ती जागेनुसार बदलते. तांबड्या मातीच्या अंगणात शेणखत मिसळून पालापाचोळ्याचे जाड आच्छादन दिले की ओल टिकते. तिथे सोनचाफा, बकुळ, कढीपत्ता आणि म्हैसूरची प्रसिद्ध मल्लिगे, म्हणजे मोगऱ्याच्या कुळातली फुले, चांगली येतात. चामुंडी टेकडीसारख्या खडकाळ उतारावर समपातळीवर दगडी बांध घालून करंज, कडुनिंब, बोगनवेल, कोरफड लावणे सोयीचे. तळ्याकाठच्या ओलसर जागी केवडा आणि माती धरून ठेवणारा वाळा योग्य. महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनीत अडचण उलटी असते: पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून तिथे आधी उंच वाफे आणि चर लागतात.

रोपे पावसाच्या तोंडावर लावून पहिले एक-दोन उन्हाळे ठिबकने किंवा आळ्यात पाणी दिले, की पुढे बहुतेक झाडे पावसावर तगतात. हिरवळ हवीच असेल, तर ती बसण्या-खेळण्यापुरती ठेवली जाते.