गुरं पाळीनं चारली तर रान सुधारतं

माती परीक्षणाचा कागद हातात पडला की आपण नत्र, स्फुरद, पालाश बघतो अन् थेट खताचं दुकान गाठतो. त्याच कागदावरचा सेंद्रिय कर्बाचा आकडा सहसा कुणी वाचत नाही. ओल धरणं, जमीन भुसभुशीत राहणं, दिलेलं खत पिकाला लागणं, यांत त्याचा वाटा मोठा. म्हणून यावेळी जरा लांबची हकीकत.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ब्लफ्टन इथं विल हॅरिस यांचं गुरांचं मोठं शेत आहे. १९९५ च्या सुमारास त्यांनी रासायनिक खतं व धान्याचा खुराक सोडायला सुरुवात केली. पिकं घेऊन थकलेली रानंही त्यांनी कुरणाखाली आणली आणि गुरं, मेंढ्या, कोंबड्या पाळीपाळीनं चारल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथं हेक्टरी वर्षाला सरासरी २.२९ टन कर्ब जमिनीत साठल्याचं आढळलं. म्हणजे एकरी सुमारे ९ क्विंटल!

हे शेणामुळंच झालं असं वाटेल. पण खरी गोम मुळ्यांत आहे. फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे शेतकरी-शास्त्रज्ञ आंद्रे व्हॉइसिन यांनी १९५७ सालच्या पुस्तकात गवताच्या विसाव्यावर भर दिला. गुरं मोकळी सोडली की नुकता फुटलेला कोवळा कोंब पुन्हा पुन्हा खातात. मुळ्यांतली शिल्लक संपते, गवत मरतं, रान उघडं पडतं. तेच रानाचे तुकडे पाडून एकेक तुकडा थोडे दिवस चारला आणि मग बंद ठेवला, तर पाला भरतो, मुळ्या वाढतात, जुन्या मुळ्या कुजून कर्ब मातीत राहतो. विसावा मात्र तारखेनं मोजायचा नाही. पावसाळ्यात गवत लवकर सावरतं, उन्हाळ्यात फार उशिरा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेवढ्याच मांसाला तिथं नेहमीच्या पद्धतीच्या अडीच पट जमीन लागली. बागायती रान मोडून कुरण करा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ज्यांच्याकडे कॅनॉलच्या वरचं माळरान आहे, त्यांनी त्याचे चार-पाच भाग पाडून बघावेत.

आपल्याकडं रानात मेंढ्या बसवायची चाल जुनीच. फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात उतरतात, तिथंही रात्रीचा वाडा बसतो. ते खत उत्तमच. फक्त त्यातला कर्ब दुसऱ्या रानात चरून आलेला असतो.

उसाच्या रानात स्वतःचा कर्ब म्हणजे पाचट. एकरी ३-४ टन निघतं, अन् एका काडीत त्यातला बहुतेक कर्ब धूर होऊन जातो. वरच्या १५ सें.मी. थरात एकरी सुमारे ९ लाख किलो माती धरली, तर कर्बाचा आकडा नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायला ९ क्विंटल कर्ब मातीत टिकावा लागतो. पाचटातला बराच कर्ब कुजताना उडून जातो, म्हणून एका खोडव्यात फरक दिसणार नाही. ज्यांना ताडून बघायचं आहे त्यांनी तोडणीनंतर, खत टाकण्याआधी, त्याच खोलीवरून नमुना घ्यावा आणि दरवर्षी एकाच प्रयोगशाळेत द्यावा.