वर्दी येण्याआधीचं काम

जुहू चौपाटीवर भेळेच्या स्टॉलकडे पाठ करून समुद्राकडे टक लावून उभे असलेले जीवरक्षक मुंबई अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली काम करतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला नवलच वाटलं. आगीचं खातं पाण्यावर नजर ठेवतं! गिरगाव, दादर, वर्सोवा, आक्सा, गोराई इथेही हीच व्यवस्था आहे. पण जरा खोलात गेलं की दोन्ही कामांचा गाभा एकच दिसतो. आग विझवणं किंवा बुडत्याला ओढून आणणं हे त्या नोकरीतले मोजके क्षण. बाकीचा वेळ काहीतरी घडेल म्हणून सज्ज राहायचं, आणि ते सज्ज राहणं शरीराला फार महाग पडतं.

दुसऱ्या महायुद्धात विमानांतल्या रडारच्या पडद्यावर शत्रूच्या पाणबुड्या शोधणारे तरबेज लोकही काही वेळाने खुणा हुकवू लागत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक साधं घड्याळ बनवून याचा छडा लावला. काटा टिकटिक पुढे सरकायचा, क्वचित एकदम दोन घरं उडी मारायचा, आणि ती उडी दिसली की बटण दाबायचं. अर्ध्या तासातच लोकांच्या हातून उड्या निसटू लागल्या. 1948 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंटाळा हा आळशीपणा नसतो, मेंदूची ती मर्यादाच आहे. आता जुहूचा रविवार डोळ्यांसमोर आणा: गुडघाभर पाण्यात उभी हजारो डोकी, आणि त्यातलं नेमकं कुठलं डोकं खाली जातंय ते ओळखायचंय. जून 2023 मध्ये बिपरजॉय वादळाने समुद्र खवळला असताना जुहूजवळ काही मुलं लाटांत ओढली गेली आणि जिवाला मुकली. अशा समुद्रापुढे दिवसभर डोळे ताणून उभं राहणं हे किती मोठं काम आहे!

अग्निशमन केंद्रात याचा दुसरा चेहरा दिसतो. तिथे वाट पाहायची ती घंटेची. वर्दी आली की झोपेतल्या माणसाच्या रक्तात क्षणार्धात अ‍ॅड्रेनलिन उसळतं. हृदयाची गती वाढते, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, पचन मंदावतं. गंमत अशी की मेंदूचा विचार करणारा भाग मात्र अजून झोपेच्या धुक्यात असतो. ते धुकं पुरतं विरायला कधी अर्धा तासही लागतो, आणि बंब तर तोवर एस. व्ही. रोडच्या गर्दीतून वाट काढत असतो. शरीर आधी धावतं, बुद्धी मागाहून पोचते. वर्दी मोठ्या आगीची आहे, पडलेल्या झाडाची आहे, की मांज्यात अडकलेल्या घारीची, हे हृदयाला ठाऊक नसतं. ते दर वेळी पूर्ण किंमत मोजतं.

ही किंमत किती? अमेरिकेतल्या स्टेफानोस केल्स आणि सहकाऱ्यांनी 2007 साली कर्तव्यावर असताना हृदयविकाराने मेलेल्या अग्निशामकांच्या नोंदी तपासल्या. आगीशी प्रत्यक्ष झुंजण्यात त्यांचा जेमतेम 1 ते 5 टक्के वेळ जातो, पण 32 टक्के मृत्यू त्याच वेळात झालेले. मला अधिक हादरवून गेला तो पुढचा तपशील. वर्दीवर जाताना, आणि काम आटपून परत येतानाही, धोका केंद्रातल्या साध्या कामांच्या तुलनेत कित्येक पट होता. आग विझली तरी शरीर विझत नाही.

आणि काही आगी तर मनातून जातच नाहीत. जुहूपासून जवळच, अंधेरी पश्चिमेच्या लोटस बिझनेस पार्कला 18 जुलै 2014 रोजी आग लागली. गच्चीवर दलाचेच जवान अडकले, आणि एक जवान परत आला नाही. त्याला वर्ष व्हायच्या आत, 9 मे 2015 ला, काळबादेवीची गोकुळ निवास इमारत आगीत कोसळली. त्या दुर्घटनेत दलाने चार अधिकारी गमावले, प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह. तरी 101 हा नंबर एक दिवसही बंद राहत नाही. दुःखाला रजा मिळत नाही, हे मला या नोकरीतलं सर्वांत कठीण वाटतं.

अशा साचत जाणाऱ्या थकव्याला 'बर्नआउट' म्हणतात. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 साली त्यावर लिहिलं ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्यांना पाहून. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं दाखवली: आटलेली शक्ती, माणसांविषयी आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही. ती त्याला कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम मानते. म्हणजे उपायही कामाच्या जागीच शोधायला हवा: पाळ्या, झोप, पुरेसं मनुष्यबळ, आणि मोठ्या वर्दीनंतर मोकळेपणी बोलायला माणूस.

शिवाय स्वयंपाकघर! कॉर्नेल विद्यापीठाच्या केविन निफिन यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातली अग्निशमन केंद्रं पाहिली. जिथे जवान एकत्र रांधून जेवत, तिथलं सांघिक कामही सरस असल्याचं त्यांच्या वरिष्ठांनी सांगितलं. काहीजण तर केंद्रात सगळ्यांबरोबर जेवत आणि घरी जाऊन पुन्हा पानावर बसत.