शारीरिक व्यायाम आणि शरीरातील नैसर्गिक कॅनाबिनॉइड द्रव्ये : एक विवेचन

प्रस्तावना

उमरेड, भिवापूर, कुही या भागात पोलीस भरतीची तयारी करणारे विद्यार्थी पहाटे रस्त्याने धावताना दिसतात. भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. या विद्यार्थ्यांकडून एक अनुभव वारंवार ऐकावयास मिळतो. वीस-पंचवीस मिनिटे एका लयीत धावल्यानंतर अंग हलके वाटू लागते, दुखणे बोथट होते आणि मन प्रसन्न होते. या प्रसन्नतेचे श्रेय सर्वसाधारणपणे 'एंडॉर्फिन' या द्रव्यास दिले जाते. गेल्या दोन दशकांतील संशोधन मात्र वेगळ्या दिशेने निर्देश करते. त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय शरीरक्रियाशास्त्राचा असला तरी भरतीत अपयश आल्यानंतर धावणेच सोडून देणारे विद्यार्थी ज्यांच्या वर्गात बसतात, अशा सर्वच विषयांच्या प्राध्यापकांशी त्याचा संबंध पोहोचतो.

आनंदामाईडचा शोध

गांजाच्या झाडातील मादक घटक, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, १९६४ मध्ये इस्रायलमधील राफेल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो मेंदूत नेमका कोठे कार्य करतो हे पुढे बरीच वर्षे अज्ञात होते. १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हाऊलेट व विल्यम डिव्हेन यांनी मेंदूतील पेशींवर या द्रव्यास ग्रहण करणारे ग्राही असल्याचे दाखविले. साहजिकच प्रश्न निर्माण झाला की, एका वनस्पतीतील द्रव्यासाठी मेंदूने कुलूप तयार ठेवण्याचे कारण काय? शरीराची स्वतःची किल्ली असलीच पाहिजे. ती १९९२ मध्ये जेरुसलेम येथे मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून हाती आली. डिव्हेन व लुमिर हानुश यांचा त्यात प्रमुख वाटा होता. संशोधकांनी तिला नाव दिले 'आनंदामाईड'. यातील 'आनंद' हा आपलाच संस्कृत शब्द होय. तैत्तिरीयोपनिषदातील आनंदवल्ली शिकविणाऱ्या आपल्या संस्कृत विभागातील सहकाऱ्यांना हे वाचून नक्कीच गंमत वाटेल. १९९५ मध्ये '२-एजी' हे दुसरे द्रव्यही ज्ञात झाले.

आनंदामाईड हे मेदाम्लापासून बनते. इतर अनेक चेतासंदेशकांप्रमाणे ते साठवून ठेवले जात नाही. गरज पडेल तेव्हा पेशीच्या पटलातच ते तयार होते आणि काम होताच एक विशिष्ट विकर त्याचे विघटन करते. त्याची वाटही उलटी आहे. संदेश घेणाऱ्या चेतापेशीकडून ते संदेश पाठविणाऱ्या पेशीकडे जाते आणि तिचा जोर कमी करते. वेदना व भय यांचे संदेश मंदावतात ते या मार्गाने.

एंडॉर्फिनविषयी एक अडचण पूर्वीपासून होती. व्यायामानंतर रक्तातील एंडॉर्फिन वाढते हे खरे. परंतु त्याचा रेणू मोठा असल्यामुळे तो रक्त आणि मेंदू यांमधील अडसर सहजी ओलांडत नाही. आनंदामाईड मेदविद्राव्य असल्याने त्यास ही अडचण येत नाही. अर्थात एंडॉर्फिन पूर्णपणे बाद झाले असे म्हणणे घाईचे होईल, कारण २००८ मध्ये जर्मन संशोधकांना लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या मेंदूत अफूसदृश द्रव्यांच्या कार्यातही बदल आढळला होता.

प्रयोगांतून काय दिसते

व्यायाम आणि आनंदामाईड यांचा संबंध प्रथम २००३ मध्ये अमेरिकेतील स्पार्लिंग व सहकाऱ्यांनी दाखविला. महाविद्यालयीन तरुणांनी कमाल हृदयगतीच्या ७० ते ८० टक्के गतीने ५० मिनिटे धावल्यानंतर अथवा सायकल चालविल्यानंतर त्यांच्या रक्तातील आनंदामाईड वाढलेले आढळले. २०१२ मध्ये डेव्हिड राइकलेन यांनी मनुष्य, कुत्रा व फेरेट (मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी) यांची तुलना केली. दूरवर धावण्याची परंपरा असलेल्या पहिल्या दोघांत वाढ दिसली, फेरेटमध्ये दिसली नाही. २०१५ मध्ये जर्मनीत उंदरांवर झालेला प्रयोग अधिक निर्णायक मानावा लागेल. कॅनाबिनॉइड ग्राही औषधाने बंद केल्यावर धावण्याने होणारी भीती व वेदना यांतील घट नाहीशी झाली. अफूसदृश द्रव्यांचे ग्राही बंद करून मात्र तसे झाले नाही. २०२१ मध्ये ६३ व्यक्तींना ४५ मिनिटे धावावयास लावून अशीच तपासणी झाली. एंडॉर्फिनचा मार्ग रोखणारे औषध दिल्यानंतरही त्यांची प्रसन्नता टिकून राहिली.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग २०१३ मधील राइकलेन यांचाच आहे. त्यांनी त्याच धावपटूंना चार वेगवेगळ्या तीव्रतेने प्रत्येकी अर्धा तास श्रम करावयास लावले. सावकाश चालण्याने आनंदामाईड वाढले नाही. कमाल हृदयगतीच्या सुमारे ७० व ८० टक्के पातळीवर ते वाढले, आणि ९० टक्क्यांच्या आसपास पुन्हा वाढ दिसेनाशी झाली. भरतीतील १६०० मीटरची धाव पाच-सहा मिनिटांत, सर्व शक्ती पणाला लावून पूर्ण करावयाची असते. जो विद्यार्थी घड्याळ लावून केवळ तेवढीच धाव रोज घोकतो, त्याच्या वाट्याला श्रम येतात. प्रसन्नता येईलच असे नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस तीस-चाळीस मिनिटांची, शेजाऱ्याशी तुटक वाक्ये बोलता येतील अशा गतीची धाव त्याला सुचविणे हे मला अधिक योग्य वाटते. आपल्या महाविद्यालयांतील क्रीडा तासिकांत अशा धावेला क्वचितच स्थान असते.

येथे वारीची आठवण होते. शेगावची पालखी सुमारे महिनाभर पायी चालून पंढरपूरला पोहोचते. वरील निष्कर्षानुसार संथ चालण्याने आनंदामाईड वाढू नये. परंतु वारकरी केवळ चालत नाही, तो गातो, नाचतो, रिंगणात धावतो. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये समूहगायन करणाऱ्या स्त्रियांवर झालेल्या एका लहानशा प्रयोगात अर्ध्या तासाच्या गायनानंतर रक्तातील आनंदामाईड वाढलेले आढळले. वारकऱ्याच्या आनंदाचा उलगडा रसायनाने होईल असा दावा येथे नाही. श्रद्धेचा भाग निराळाच आहे.

या यंत्रणेचे मोल एका औषधाच्या इतिहासातून कळते. रिमोनाबंट हे स्थूलतेवरील औषध कॅनाबिनॉइड ग्राही बंद करून भूक कमी करीत असे. २००६ मध्ये युरोपात त्यास परवानगी मिळाली. वजन घटले, पण रुग्णांत नैराश्य व आत्महत्येचे विचार वाढल्याचे आढळले. २००८ मध्ये ते तेथील बाजारातून काढून घेण्यात आले आणि २००९ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार एका वेळच्या व्यायामानंतरची वाढ बहुतेक अभ्यासांत आढळते. मात्र महिनोन्‌महिने केलेल्या सरावाने या द्रव्यांची मूळ पातळीच उंचावते असे ठामपणे दिसलेले नाही. म्हणजे वाढ होते ती त्या-त्या दिवसाच्या धावेने. भरतीच्या यादीत नाव न लागलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवसापासून पहाटेचे उठणे बंद करतो, तेव्हा निराशेच्या ऐन दिवसांत हा आधारही त्याच्या हातून सुटलेला असतो.