होडी एकीकडे का ओढते?

मागच्या फळीला इंजिन टांगलेली लहान होडी तुम्ही पाहिली असेल. ओल एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ साली असे इंजिन विक्रीस आणले. या होडीला बहुधा वेगळे सुकाणू नसते. इंजिनच डावीउजवीकडे वळते. पंखा पाणी ज्या दिशेला फेकतो, त्याच्या उलट दिशेला होडीचा मागचा भाग ढकलला जातो. खाडीच्या तोंडाशी हे वळणे अडले आणि लाट आडवी बसली, तर होडी उलटू शकते.

समजा, चक्र जड फिरते. दोष कोठे शोधाल? इंजिन बंद करून केबल त्याच्यापासून सोडवतात व इंजिन हाताने वळवून पाहतात. ते सहज वळले, तर दोष केबलमध्ये किंवा चक्रात. खाऱ्या पाण्याने केबल गंजते. जड वळले, तर इंजिनाच्या खुंट्यातील ग्रीस वाळलेले असणार.

होडी उजवीकडे ओढत असेल तर? आधी माणसे व सामान दोन्ही बाजूंना सारखे बसवा. तरीही ओढली, तर पंख्याच्या वर बसवलेली छोटी पट्टी पाहा. तिचे मागचे टोक किंचित उजवीकडेच वळवतात! वाहते पाणी पट्टीला डावीकडे रेटते, त्याबरोबर पंखाही डावीकडे सरकू पाहतो आणि होडीचे तोंड डावीकडे येते.

मात्र एका वेळी एकच बदल करावा. दोन केले, तर गुण कशाने आला हे कसे कळणार?