संगणकाची आज्ञावली करवून घेण्यापूर्वीं : 'उपयोग-प्रसंग' लिहिण्याची रीत

घर बांधावयाचें झालें म्हणजे किती खण पाहिजेत, गोठा कोणत्या अंगास असावा, धान्याची कोठी कोठें असावी, हें शेतकरी गवंड्यास स्वतः सांगतो. परंतु सोसायटीच्या कामासाठीं संगणकाची आज्ञावली करवून घेण्याची वेळ आली कीं तींच माणसें "गोदामाचें सगळें काम संगणकावर झालें पाहिजे" एवढें एक वाक्य उच्चारून स्वस्थ बसतात. जेथें आपण कांहीं सांगत नाहीं, तेथें आज्ञावली लिहिणारा आपल्या अंदाजानें ठरवितो. आणि त्यानें सोयाबीनचें पोतें कधीं उचललेलें नसतें. त्याच्या अंदाजाचा भुर्दंड मात्र सभासदास पडतो.

सन २०२२ च्या जून महिन्यांत केंद्र सरकारनें ६३,००० प्राथमिक कृषि पतपुरवठा सोसायट्या संगणकावर आणण्याची २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हांपासून हा प्रश्न लहान गांवांच्याहि दाराशीं आला आहे. आज्ञावली नवी लिहून घ्यावयाची असो कीं तयार मिळालेली आपल्या कामास जुळवून घ्यावयाची असो, आपणांस काय पाहिजे हें नेमकें मांडण्याची एक सोपी रीत आहे. तिला इंग्रजींत यूज केस म्हणतात. आम्ही तीस उपयोग-प्रसंग म्हणूं. ती शिकण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. स्वतःच्या कामाची माहिती मात्र लागते.

रीतीचा उगम

ही रीत स्वीडन देशांतील इव्हार जेकबसन यांनीं बसविली. ते एरिक्सन या टेलिफोन-यंत्रें करणाऱ्या कंपनींत होते. टेलिफोन केंद्राच्या आंत शेंकडों भाग असतात. पण ग्राहकास त्यांच्याशीं कर्तव्य नसतें. तो फोन उचलतो, सूर ऐकतो, क्रमांक फिरवितो, आणि पलीकडचा मनुष्य बोलूं लागतो. किंवा पलीकडचा दुसऱ्याशीं बोलत असल्यास तशी खूण ऐकूं येते. केंद्रानें काय केलें पाहिजे हें अशा एकेका प्रसंगाच्या वर्णनानें स्पष्ट होतें, हें जेकबसन यांनीं ओळखलें. सन १९८७ मध्यें त्यांनीं ही कल्पना विद्वानांच्या परिषदेंत मांडली व १९९२ मध्यें तिजवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें ती जगभर रूढ झाली.

प्रसंग कसा लिहावा

एका प्रसंगांत तीन गोष्टी असतात. पहिली, कर्ता : आज्ञावलीच्या बाहेर राहून तिच्याकडून कांहीं साधूं इच्छिणारा मनुष्य. दुसरी, हेतु : तो कशासाठीं आला. तिसरी, पायऱ्या : हेतु तडीस जाईपर्यंत कोणीं काय केलें व आज्ञावलीनें काय उत्तर दिलें.

उदाहरणार्थ तारण-कर्ज घेऊं. सुगीच्या वेळीं भाव पडलेले असतात. म्हणून माल गोदामांत ठेवून त्यावर कर्ज काढावें व भाव चढल्यावर विकावा, हा त्याचा उद्देश. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळ बाजार समित्यांच्या मार्फत अशी योजना १९९०-९१ पासून चालवीत आहे, व तींत सोयाबीनच्या किमतीच्या शेंकडा ७५ पर्यंत कर्ज मिळतें. एखाद्या सोसायटीनें आपल्या गोदामासाठीं हेंच प्रमाण धरलें असें समजूं. प्रसंग असा लिहावा :

कर्ता : सभासद शेतकरी. हेतु : सोयाबीन ठेवून कर्ज मिळविणें.

१. सभासद माल घेऊन येतो व आपला सभासद क्रमांक सांगतो.
२. गोदामपाल ओलावा व वजन पाहून आज्ञावलींत नोंदवितो.
३. आज्ञावली त्या दिवसाच्या बाजारभावानें किंमत काढते व कर्जाची मर्यादा दाखविते.
४. सचिव कर्ज मंजूर करतो.
५. आज्ञावली गोदामाची पावती छापते व रक्कम सभासदाच्या खात्यावर जमा करते.

भाव क्विंटलास ४,००० रुपये धरला, तर २० क्विंटलांची किंमत ८०,००० रुपये व कर्ज ६०,००० रुपये होईल. इतकें लिहिण्यास एक संध्याकाळ पुरे. पण येथेंच थांबल्यास काम अर्धेंच झालें.

"तसें न झाल्यास काय ?"

सर्व सुरळीत चाललें असतां कोणतीहि आज्ञावली बरीच वाटते. शेतकऱ्याचें नुकसान होतें तें वाट वांकडी झाली म्हणजे. म्हणून प्रत्येक पायरीपाशीं थांबून "तसें न झाल्यास काय ?" असा प्रश्न करावा व उत्तर त्याच पायरीच्या अंकाखालीं लिहावें.

२अ. ओलावा अधिक निघाल्यास : सभासद माल वाळवून दुसऱ्या दिवशीं आणतो, त्याची पहिली नोंद कायम राहते व रांगेंतील त्याचा क्रम जात नाहीं.
३अ. बाजार बंद असल्यास : शेवटच्या उघड्या दिवसाचा भाव धरावा, व तो कोणत्या तारखेचा हें पावतीवर छापावें.
५अ. वीज वा इंटरनेट बंद पडल्यास : गोदामपाल अंक छापलेल्या वहींतून हातानें पावती देतो, पुढें तोच अंक आज्ञावलींत चढवितो.

आतां माल सोडविण्याचा प्रसंग पाहा. भाव वाढला व सभासदास २० पैकीं १० क्विंटलच विकावयाचे आहेत. निम्मी मुद्दल, म्हणजे ३०,००० रुपये, व त्यावरील व्याज भरून निम्मा माल सोडवितां यावा, हें त्यास साहजिक वाटतें. पण हा फांटा कोणीं लिहिलाच नसेल, तर आज्ञावली "पूर्ण कर्ज फेडल्यावांचून माल सुटत नाहीं" असेंच धरून बसेल. मग सभासद ६०,००० रुपये कोठून आणणार ? सावकाराकडून, किंवा चढलेला भाव हातचा जाऊं देणार. ज्या योजनेनें सावकार टळावा, तीच एका न लिहिलेल्या ओळीमुळें त्याच्या दारीं नेऊन सोडते.

नियम वेगळे ठेवावे

जे आंकडे बदलतात ते पायऱ्यांत गुंतवूं नयेत. त्यांची निराळी यादी करावी. सन २०२४ च्या खरीप सोयाबीनच्या सरकारी खरेदींत प्रथम शेंकडा १२ पर्यंतच ओलावा चालत असे. नोव्हेंबर महिन्यांत, हंगाम चालू असतांनाच, केंद्र सरकारनें ती मर्यादा त्या हंगामापुरती शेंकडा १५ केली. असा आंकडा आज्ञावलीच्या पोटांत कायमचा कोरलेला असेल, तर तो बदलण्यासाठीं कारागिराची वाट पाहावी लागेल, आणि तोंवर गाड्या दारांत उभ्या राहतील. यादींत असेल, तर सचिव तो त्याच दिवशीं बदलूं शकेल.

प्रसंग केवढा असावा

नवशिक्यांकडून दोन चुका होतात. कोणी "संगणकांत आपलें नांव व संकेत-शब्द घालणें" हाच प्रसंग मानतो. कोणी "गोदाम चालविणें" असा अवाढव्य प्रसंग लिहितो. या विषयावर सन २००० मध्यें ग्रंथ लिहिणारे ॲलिस्टर कोबर्न यांनीं योग्य मापाच्या हेतूस समुद्रसपाटीची उपमा दिली आहे : त्याहून उंच हेतु आकाशांतले, खोल ते पाण्याखालचे. आमच्या वाचकांस याहून सोपी कसोटी सांगतों. एका बैठकींत जें काम उरकल्यावर मनुष्य "माझें काम झालें" म्हणून समाधानानें घरीं जातो, तो एक प्रसंग. संकेत-शब्द घालून कोणी समाधानानें घरीं जात नाहीं. कर्ज खात्यावर पडलें म्हणजे जातो.

सर्व प्रसंग लिहून झाल्यावर त्यांचें एक चित्र काढावें. एक मोठा चौकोन म्हणजे आज्ञावली; आंत प्रत्येक प्रसंगाचा लंबगोल; बाहेर काड्यांचीं माणसें, म्हणजे कर्ते; आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. चौकोनाच्या आंत काय व बाहेर काय, यावर सभेंत एकमत झालें पाहिजे. ओलावा यंत्रानें मोजून गोदामपाल लिहिणार, कीं यंत्र थेट आज्ञावलीस कळविणार, हें येथेंच ठरतें. आणि खर्चहि त्यावर अवलंबून असतो.

या रीतीनें सगळें भागतें असें मात्र नाहीं. पडद्यावर मराठी असावी, पावती किती वेळांत निघावी, कोणाचें खातें कोणीं पाहूं नये, हिशेबाची प्रत रोज कोठें ठेवावी, या गोष्टी कोणत्याच एका प्रसंगांत मावत नाहींत. त्यांची जोड-यादी करणें अवश्य आहे.

लिहिलेल्या प्रसंगांचा शेवटचा उपयोग सर्वांत मोठा आहे. कारागिरास शेवटचा हप्ता देण्यापूर्वीं प्रत्येक प्रसंग व त्याचा प्रत्येक फांटा आज्ञावलीवर करून पाहावा : ओला माल आणून, भाव न घालतां, वीज बंद करून, निम्मा माल सोडवून. जो फांटा चालला नाहीं त्यावर खूण करून तो दुरुस्त करून घ्यावा. लेख हातीं असेल तर वाद होत नाहीं. नसेल तर "तुम्हीं हें सांगितलेंच नव्हतें" हें उत्तर ठरलेलें आहे.

सारांश, सोसायट्यांच्या पंचांस आमची सूचना अशी कीं, आज्ञावलीचा करार करण्यापूर्वीं एक सभा भरवावी, आणि तींत सचिव व गोदामपाल यांच्याबरोबर माल घेऊन येणारे चार सभासदहि बसवावे. फांटे त्यांस ठाऊक असतात, कारण अडचण त्यांनीं सोसलेली असते. त्यांच्या तोंडून निघालेली एकेक ओळ पुढें एकेका सभासदाचा हेलपाटा वांचवील.