६८ टक्के की १२ नमुने?

"भारतातलं ६८ टक्के दूध भेसळयुक्त आहे." माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यातलं हे वाक्य. गाईडनी त्याला पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, "भेसळ म्हणजे नक्की काय?" मला सांगता येईना.

मग मूळ आकडे काढले. एफएसएसएआयच्या २०११ च्या पाहणीत १,७९१ पैकी ६८.४ टक्के नमुने मानकांत बसले नव्हते. पण 'मानकात न बसणं' यात फॅट किंवा एसएनएफ कमी असणं, म्हणजे बहुतेक वेळा पाणी घालणंही आलं. डिटर्जंट सापडलं ते १०३ नमुन्यांत.

२०१८ च्या पाहणीत नमुने होते ६,४३२ आणि दूध असुरक्षित करणारी भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत! म्हणजे सात वर्षांत दूध सुधारलं? असं म्हणता येत नाही, कारण मोजलेली गोष्टच वेगळी आहे. त्याच पाहणीत ४१ टक्के नमुने सुरक्षित असूनही गुणवत्तेच्या कुठल्या तरी निकषात कमी पडले. काहींत ॲफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेपेक्षा जास्त होतं. ते बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून दुधात उतरतं, कुणी मिसळत नाही. म्हणजे दूध असुरक्षित, पण भेसळ नाही!

म्हणून मित्रांनो, सरकारी आकडा उचलण्याआधी तीन गोष्टी बघा: काय मोजलं, कोणत्या व्याख्येनं मोजलं आणि नमुने कुठून घेतले. बातमीत टक्का मिळतो, व्याख्या मात्र अहवालातच सापडते. माझं ते वाक्य मी खोडलं. त्या जागी आता चार ओळी आहेत, आणि त्या मला व्हायवात समजावून सांगता येतील.